दुसऱ्या पानावर हरवलेलं दूध

पत्र असं आहे:

"ताई, नमस्कार. मी एका तालुक्याच्या दूध संघाचं सॉफ्टवेअर सांभाळतो. नोकरीला दीड वर्ष झालं, डेटाबेसचं काम माझ्या एकट्याकडंच आहे. मायएसक्यूएल ८ हा डेटाबेस वापरतो. संघाची ५२ संकलन केंद्रं, साधारण ६,००० उत्पादक, रोज सकाळ-संध्याकाळ संकलन. नोंदींचं पान उघडायला मिनिट-मिनिट लागायचं, कधी ब्राउझरच गोठायचा. साहेब म्हणाले, 'लिमिट लाव,' म्हणजे एका वेळी ठरावीकच ओळी माग. मी पानाला ५० नोंदी केल्या, खाली पुढे-मागे बटणं दिली. पहिलं पान झटकन येऊ लागलं, सगळे खूश. आठवड्याभरात एका गावच्या सोसायटीचे सचिव तावातावानं आले. एका बाईंची सकाळची नोंद पहिल्या पानावरही दिसते आणि तिसऱ्यावरही. दुसऱ्या एका उत्पादकाची कुठंच दिसत नाही. 'आमचं दूध कुठं गेलं?' म्हणाले. टेबलात ती नोंद आहे, मी स्वतः पाहिली. माझ्या लॅपटॉपवर असं एकदाही झालं नाही. मागची पानं अजूनही हळूच उघडतात. आता साहेब म्हणतात, सगळ्याच क्वेरींना (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नांना) लिमिट लावून टाक, दहा दिवसांच्या बिलालाही एक लाखाचं, म्हणजे सर्व्हर पुन्हा बसणार नाही. मुख्य कार्यालयात ओरॅकल हा दुसरा डेटाबेस आहे, जुनं व्हर्जन. तिथं तर लिमिट हा शब्दच चालत नाही. माझं नक्की काय चुकलं?"

प्रिय मित्रा,

तुझ्या पत्राचा शेवटून सुरुवात करून विचार करते, कारण शेवटी बिल आहे आणि बिलात लोकांचे पैसे आहेत. बिलाच्या क्वेरीला एक लाखाचं लिमिट लावू नकोस. लावलं असशील तर हे पत्र बाजूला ठेव, ते काढून ये आणि मग पुढचं वाच.

हिशेब तूच करून बघ. ६,००० उत्पादक, रोज दोन वेळ, दहा दिवस. झाल्या १,२०,००० नोंदी. ज्या महिन्याला ३१ दिवस असतात त्या महिन्याचं तिसरं बिल अकरा दिवसांचं, म्हणजे १,३२,०००. एक लाखावर कापलंस की वीस ते बत्तीस हजार नोंदी बाहेर राहिल्या. डेटाबेस तुला एरर देणार नाही, लॉगमध्ये काही लिहिणार नाही. तू एक लाख मागितल्या, त्यानं एक लाख दिल्या. त्याच्या बाजूनं काम चोख झालं. इकडं कुणाच्या तरी दोन दिवसांच्या दुधाचे पैसे बिलातून गेले, आणि कुणाच्या ते तुलाही सांगता येणार नाही.

आता एक गोष्ट नीट समजून घे, म्हणजे बाकीचं आपोआप उलगडेल. क्वेरीतल्या पायऱ्यांमध्ये लिमिटचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो. आधी टेबलातून नोंदी येतात, मग व्हेअरनं गाळल्या जातात, मग ग्रुप बायनं गट पडतात, मग ऑर्डर बायनं क्रम लागतो, आणि हे सगळं झाल्यावर उरलेल्या यादीच्या वरच्या इतक्या ओळी लिमिट उचलतं. म्हणून 'सिलेक्ट काउंट(*) फ्रॉम संकलन लिमिट १०' असं लिहिलंस तरी उत्तर पूर्ण टेबलाचंच येतं. मोजून झाल्यावर एकच ओळ उरते आणि त्या एका ओळीला दहाची मर्यादा लागते.

त्यामुळं तुझ्या बिलात लिमिट घातक ठरतं की नाही, हे बेरीज कुठं होते यावर आहे. सगळ्या नोंदी पीएचपीत, म्हणजे तुझ्या प्रोग्राममध्ये, किंवा एक्सेलमध्ये आणून तिथं लिटर आणि रक्कम मिळवत असशील, तर कापलेल्या नोंदी हिशेबातून गेल्या. पण बेरीज डेटाबेसलाच करू दिलीस, म्हणजे 'सिलेक्ट उत्पादक_कोड, सम(लिटर), सम(रक्कम) ... ग्रुप बाय उत्पादक_कोड', तर लाख-सव्वा लाख नोंदी तिथल्या तिथं मिळवल्या जातात आणि तुझ्याकडं येतात फक्त ६,००० ओळी. साहेबांची काळजी खरी आहे, सर्व्हर बसतो तो नोंदी वाचण्यापेक्षा त्या सगळ्या एकदम अ‍ॅप्लिकेशनच्या मेमरीत ओतल्यामुळं. पीएचपीत तर साधी क्वेरी चालवलीस की पूर्ण उत्तर आधी मेमरीत भरलं जातं, मग तुझा लूप सुरू होतो. ग्रुप बायनं ते ओझंच उतरतं. साहेबांना हे असं सांग: मर्यादा हवी ती मेमरीला हवी, उत्पादकाच्या दुधाला नको.

तरीही सुरक्षेसाठी वर एक आकडा हवाच असेल, तर एक जास्त माग. वीस हजार उत्पादकांच्या वर संघ कधी जाणार नाही असं वाटतं ना? मग २०,००१ माग. ती शेवटची एक ओळ आली तर बिल काढूच नकोस, काम थांबव आणि पडद्यावर लाल अक्षरात सांग. असं लिमिट पहारा देतं. तुमच्या साहेबांनी सुचवलेलं लिमिट गुपचूप कापतं.

आता त्या बाईंच्या नोंदीकडं येऊ.

तुझी क्वेरी मी न बघताही सांगते, ती 'ऑर्डर बाय तारीख डेस्क लिमिट ५०' अशी असणार (डेस्क म्हणजे उतरता क्रम) आणि पुढच्या पानाला ऑफसेट, म्हणजे आधीच्या किती ओळी ओलांडायच्या तो आकडा, ५०, मग १००. (पाठवलेल्या पत्रात तू क्वेरी दिली नाहीस, पुढच्या वेळी क्वेरी आधी, गोष्ट नंतर.) तारखेनुसार क्रम लावलास, बरोबर. पण एका तारखेला तुमच्याकडं १२,००० नोंदी असतात. ५० च्या पानानं त्या २४० पानं खातात. या २४० पानांतली प्रत्येक नोंद तारखेच्या बाबतीत दुसरीच्या बरोबरीत आहे, आणि बरोबरीतल्यांचा आपसातला क्रम काय हे तू कुठंच सांगितलेलं नाहीस. तू सांगितलं नाहीस तर तो ठरवायला डेटाबेस मोकळा आहे, आणि प्रत्येक पानाला तो नव्यानं ठरवू शकतो. कारण त्याच्या लेखी पहिलं पान आणि तिसरं पान या दोन वेगळ्या क्वेरी आहेत, त्यांचं एकमेकींशी काही नातं नाही.

तो वेगळा क्रम कसा येतो हे एकदा जवळून बघण्यासारखं आहे. समज, तुझ्यापुढं दहावीच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा आहे आणि सर्वांत जास्त गुणांच्या दहा काढायच्या आहेत. तू सगळा गठ्ठा क्रमानं लावत बसणार नाहीस. दहा हातात धरशील, पुढची उचलशील, ती हातातल्या सर्वांत कमी गुणांच्या पेपरपेक्षा सरस असली तर तो खाली ठेवून ही घेशील. मायएसक्यूएल ५.६ पासून, इंडेक्स (नोंदी चटकन शोधण्यासाठीची क्रमवार सूची) कामाला येत नसेल आणि लिमिट लहान असेल, तर नेमकं हेच करतं. हातात किती धरायच्या? ऑफसेट आणि लिमिट मिळून जितक्या होतात तितक्या. पहिल्या पानाला ५०, तिसऱ्या पानाला १५०. आता गठ्ठ्यात ८२ गुणांचे बारा हजार पेपर असतील, तर हातात पन्नास धरताना त्यातले कोणते राहतात आणि दीडशे धरताना कोणते कुठल्या जागी बसतात, याचा मेळ बसण्याचं काहीच कारण नाही. पान आणखी पुढं गेलं की हातात मावत नाही, मग डेटाबेस पद्धत बदलून सगळं सॉर्ट करतो आणि क्रम पुन्हा वेगळा. त्या बाईंची नोंद एका क्रमात पहिल्या पन्नासात होती, दुसऱ्या क्रमात एकशे एक ते दीडशेत. आणि जो उत्पादक दिसत नाही त्याची नोंद प्रत्येक वेळी दुसऱ्या कुठल्या तरी पानाच्या वाट्याला गेली. दूध कुणी चोरलं नाही, सॉफ्टवेअरनं नोंद पुसली नाही. हे त्या सचिवांना शांतपणे सांग, आणि चूक आपली होती हेही सांग.

लॅपटॉपवर का दिसलं नाही? तुझ्याकडं बहुधा एखाद्या केंद्राचा चाचणीपुरता डेटा असेल. एका तारखेला तीस-चाळीस नोंदी असल्या तर बरोबरीतला गट जेमतेम एका पानात मावतो आणि गडबड नजरेत भरत नाही. चाचणीच्या टेबलात एकाच तारखेच्या निदान दोन हजार नोंदी भरून ठेव. आठ-दहा पानं काढ, सगळे आयडी एका यादीत टाक आणि एखादा दोनदा येतो का ते तपास. पाच मिनिटांचं काम आहे.

उपाय दोन शब्दांचा: ऑर्डर बाय तारीख डेस्क, आयडी डेस्क. क्रमाच्या शेवटी जो कॉलम प्रत्येक नोंदीचा वेगळाच असतो तो यायलाच हवा. मग बरोबरी उरत नाही. तारखेवर इंडेक्स कर, नसेल तर. इनोडीबी, म्हणजे मायएसक्यूएलचं साठवणीचं इंजिन, प्रत्येक दुय्यम इंडेक्सच्या शेवटी प्रायमरी की, म्हणजे इथं आयडी, स्वतःहून जोडून ठेवतं, त्यामुळं तारखेचा एकच इंडेक्स दोन्ही कॉलमांच्या क्रमाला पुरतो. एक्सप्लेन (क्वेरी कशी चालणार ते दाखवणारी आज्ञा) चालवून बघ: 'युझिंग फाइलसॉर्ट', म्हणजे क्रम वेगळा लावावा लागतोय, हे शब्द निघून गेले पाहिजेत. ते असेपर्यंत तू ५० मागतोस आणि तो व्हेअरमधून आलेल्या सगळ्या नोंदी वाचतो. ऑर्डर बायच लिहिलं नसेल तर लिमिट काय देईल याची हमी कुठलाच डेटाबेस देत नाही. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्ये तर नोंद नुसती अपडेट केली तरी तिची नवी आवृत्ती टेबलात दुसरीकडं लिहिली जाऊ शकते, आणि काल वर दिसणारी नोंद आज खाली दिसते.

मागची पानं हळू का, याचं उत्तर ऑफसेटमध्ये आहे. ऑफसेट ९९,९५० याचा अर्थ तो तिथं उडी मारतो असा नाही. पहिल्या ९९,९५० ओळी तो एकेक वाचतो, टाकून देतो, आणि मग तुला ५० देतो. दोन हजारावं पान उघडलं की लाख ओळींची मेहनत. शिवाय तुमचं संध्याकाळचं संकलन चालू असताना कुणी पानं चाळत असेल तर वर नव्या नोंदी येत राहतात, जुन्या खाली सरकतात, आणि पहिल्या पानाच्या तळाशी पाहिलेली नोंद दुसऱ्या पानाच्या माथ्यावर पुन्हा दिसते. आयडी जोडलास तरी हे होतच राहील.

यावर खूण ठेवण्याची पद्धत वापर. पुस्तकात आपण पानं मोजत बसत नाही, जिथवर वाचलं तिथं खूण घालतो. पानावरच्या शेवटच्या नोंदीची तारीख आणि आयडी 'पुढे' बटणाबरोबर पाठव आणि पुढची क्वेरी अशी लिही: 'व्हेअर तारीख <= :ता अँड (तारीख < :ता ऑर आयडी < :आय) ऑर्डर बाय तारीख डेस्क, आयडी डेस्क लिमिट ५१'. :ता आणि :आय म्हणजे खुणेची तारीख आणि आयडी. आता इंडेक्समध्ये तो थेट खुणेपाशी उतरतो आणि पहिलं पान काय, दोन हजारावं काय, जवळपास सारख्याच वेळात येतं. तारीख आणि आयडी यांची जोडी एकाच कंसात घालून तुलना करायची सुटसुटीत पद्धतही आहे, पोस्टग्रेस ती इंडेक्सवर छान चालवतं. पण मायएसक्यूएल तिथं इंडेक्सचा पूर्ण फायदा घेईलच असं नाही, म्हणून तू फोडूनच लिही. ५१ कशाला? एक्कावन्नावी आली तर 'पुढे' बटण दाखव, नाही आली तर लपव. पडद्यावर पन्नासच दाखव. एकूण किती पानं हे काढण्यासाठी दर वेळी काउंट करण्याची गरज उरत नाही. 'मागे' बटणासाठी चिन्हं आणि क्रम उलटे कर आणि आलेल्या ओळी दाखवताना पुन्हा उलट.

या पद्धतीत 'पान ८७ वर जा' असं करता येत नाही. साहेब कुरकुरतील. पण मला सांग, पान ८७ कुणाला हवं असतं? सचिवांना हवं असतं: कोड ४१२, एक ते दहा तारीख. त्या नोंदी किती? दहा दिवस, दोन वेळ, वीस. वीस नोंदींना ना लिमिट लागतं ना पानं. तुझ्या पत्रातलं मला सगळ्यात खटकलं ते हेच, की वर्षाला त्रेचाळीस-चव्वेचाळीस लाख नोंदी जमणारं टेबल तू लोकांना चाळायला दिलंस आणि शोधायला काहीच दिलं नाहीस. पानाच्या माथ्यावर केंद्र, उत्पादक कोड आणि तारखा यांच्या चौकटी दे, (उत्पादक_कोड, तारीख) असा जोड इंडेक्स कर, आणि काही निवडल्याशिवाय यादीच दाखवू नको. फार तर आजच्या वेळेच्या ताज्या ५० दाखव. ओळी कमी करण्याचं पहिलं हत्यार व्हेअर आहे. लिमिट त्यानंतर.

ऑफसेटचा आणखी एक प्रकार माझ्या हातून घडलेला आहे, तो सांगते, कारण तू उत्पादकांना एसएमएस पाठवायला लागशील तेव्हा तिथंच अडकशील. मी तेव्हा एका कंपनीत होते. ग्राहकांना हप्त्याची आठवण करणारे संदेश रात्री जायचे. मी लिहिलेलं काम 'बाकी' असलेल्या नोंदी ५०० च्या तुकडीनं उचलायचं, संदेश पाठवायचं, त्यांच्यावर 'पाठवला' असा शिक्का मारायचं आणि ऑफसेट ५०० नं वाढवून पुढची तुकडी घ्यायचं. क्रम आयडीचा होता, तोही बरोबर. समज २,००० बाकी आहेत. पहिले ५०० गेले. आता बाकी १,५००. ऑफसेट ५००, म्हणजे या उरलेल्यांतले पहिले ५०० ओलांडून पुढचे ५०० उचलले. बाकी राहिले १,०००, आणि ऑफसेटही १,००० झाला, पुढं काहीच मिळालं नाही. काम 'पूर्ण' म्हणून संपलं. निम्म्या लोकांना संदेशच गेला नाही. काहींचे हप्ते चुकले, त्यांना दंड बसला, आणि आम्हाला ते कळलं एका वयस्कर गृहस्थांच्या फोनमुळं. त्यांचा आवाज मी विसरलेले नाही. अशा कामात ऑफसेट नकोच. दर वेळी 'बाकी'तले पहिले ५०० घे, किंवा शेवटच्या आयडीची खूण धरून पुढं जा. खुणेची पद्धत बरी, कारण एखादा संदेश अडकला तरी तुकडी तिथंच फिरत बसत नाही.

ओरॅकलचं थोडक्यात. लिमिट हा शब्द मायएसक्यूएल, पोस्टग्रेस, एसक्यूलाइट यांचा. प्रमाण एसक्यूएलमध्ये २००८ साली आला तो 'फेच फर्स्ट ५० रोज ओन्ली'. ओरॅकलनं तो २०१३ च्या १२सी पासून घेतला. एसक्यूएल सर्व्हरवाले टॉप लिहितात, ऑफसेट-फेच त्यांच्याकडं २०१२ च्या आवृत्तीत आलं. तुमच्या मुख्य कार्यालयातलं ओरॅकल १२सी च्या आधीचं असेल तर रोनम, म्हणजे ओळीचा क्रमांक, वापरावा लागेल, आणि तिथं जपून. रोनमचा आकडा ऑर्डर बायच्या आधीच चिकटतो. 'व्हेअर रोनम <= ५० ऑर्डर बाय फॅट डेस्क' असं लिहिलंस तर आधी कुठल्याही ५० उचलल्या जातील आणि मग त्या पन्नासांचा फॅटनुसार क्रम लागेल; संघातलं सर्वांत जास्त फॅटचं दूध त्यात असेलच असं नाही. क्रम आतल्या क्वेरीत लाव, रोनमची अट बाहेरच्या क्वेरीत घाल. मायएसक्यूएलमध्येही एक खाच आहे: 'लिमिट १०, २०' म्हणजे दहा ओलांडून वीस, दहा ते वीस नव्हे. मी ती स्वल्पविरामाची पद्धत वापरतच नाही, लिमिट आणि ऑफसेट असं उघड लिहिते.

फॅटचा विषय निघालाच आहे तर: वार्षिक सभेत 'प्रत्येक केंद्रातले पहिले तीन उत्पादक' अशी यादी तुला कधी तरी मागतील. लिमिट ३ लावलंस तर ५२ केंद्रांत मिळून तीनच येतील. तिथं विंडो फंक्शन, म्हणजे प्रत्येक गटात वेगळे क्रमांक देणारं साधन, लागतं. तुझ्याकडं मायएसक्यूएल आठ आहे, म्हणजे रो_नंबर आणि रँक दोन्ही आहेत, केंद्रानुसार पार्टिशन कर. बक्षीस असेल तर रँकच वापर. तिसऱ्या क्रमांकाला दोघांचं दूध सारखं भरलं तर रो_नंबर त्यातल्या एकाला वगळेल, आणि गावात ते वर्षानुवर्षं बोललं जाईल.

अजून एक. तपासताना तू वर्कबेंच (मायएसक्यूएलच्या क्वेरी चालवून बघण्याचा प्रोग्राम) वापरत असशील तर ते मुळातच १,००० ओळींवर थांबतं, वरच्या पट्टीत ती निवड असते. बिलाच्या नोंदी तिथून एक्सेलमध्ये घेऊन कुणी हिशेब जुळवत असेल, तर तो कधीच जुळणार नाही. लेखा विभागातल्या लोकांनाही हे दाखवून ठेव.

आता क्रम असा ठेव. आज बिलाचं लिमिट काढ आणि बेरीज ग्रुप बायनं करून मागच्या बिलाशी ताडून बघ. उद्या ऑर्डर बायला आयडी जोड. चौकटी आणि खुणेची पद्धत या आठवड्यात. पण त्याच्याही आधी, त्या बाईंच्या आणि त्या न दिसलेल्या उत्पादकाच्या वीस-वीस नोंदी लिटर, फॅट, एसएनएफ (फॅटखेरीज घन पदार्थ) आणि दरासकट छापून काढ, आणि सचिवांना बोलावू नको, तू स्वतः गावी जाऊन दे. सकाळच्या संकलनाच्या वेळी जा, तेव्हा दोघंही केंद्रावरच भेटतील.

तुझी,
ताई